साडेपाचच्या आत

दुपारी रिमांडचं काम निघतं. आरोपीला मागच्या दाराने आत आणतात. तो हात जोडून उभा राहतो, तपास अधिकारी कागद पुढे सरकवतो आणि न्यायाधीश मान वर करून विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी बाजूला बघतो. बाजूला त्याला घेऊन आलेलाच हवालदार उभा असतो. "नाही साहेब." रोजनाम्यात एक ओळ पडते, पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) ते ठरतं, पुढच्या नावाचा पुकारा होतो. एका तालुक्याच्या कोर्टात मी हे घड्याळ लावून पाहिलं आहे. वकिलाने फार ओढून धरलं नाही तर सगळं मिळून चार मिनिटं.

राज्यघटनेच्या कलम २१ची आणि सामान्य माणसाची गाठ पडते ती याच चार मिनिटांत. कलम म्हणजे एक वाक्य आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही, एवढाच त्याचा मजकूर. 'व्यक्ती' म्हटलं आहे, 'नागरिक' नाही, म्हणजे परदेशी माणूसही त्यात आला. या वाक्याला दोन टोकं आहेत. एका टोकाला 'जीवित' आणि 'स्वातंत्र्य', दुसऱ्या टोकाला 'कार्यपद्धती'. गेली जवळपास पन्नास वर्षं आपले विद्वान, वकील आणि न्यायमूर्ती पहिल्या टोकावर रमले आहेत. जीविताच्या अधिकारात काय काय बसतं? उपजीविका बसली, निवारा बसला, शुद्ध हवा बसली, तातडीचे उपचार बसले, खासगीपणा बसला, सन्मानाने मरणंसुद्धा बसलं. यातलं काहीही वाईट नाही. पण या संरक्षणाची खरी सीमा दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे आपण फारसे फिरकत नाही. अटक करताना कारण कोणी सांगायचं, कुठल्या भाषेत, किती तासांत, ते तपासायचं कोणी आणि तपासून निकाल कधी द्यायचा, हे प्रश्न कारकुनी वाटतात. त्यांत भाषणाला टाळ्या मिळतील असं काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस आत राहतो की बाहेर, हे याच कारकुनी प्रश्नांवर ठरतं.

ही सीमा आखली गेली ती संविधान सभेतच. मूळ मसुद्यात अमेरिकेच्या धर्तीवर 'ड्यू प्रोसेस'ची भाषा होती. कायदा नुसता असून भागणार नाही, तो न्याय्य आहे की नाही हे न्यायालय बघेल, असा तिचा अर्थ. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेला गेले, तिथे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि न्यायाधीशांच्या हाती एवढा नकाराधिकार देणं लोकशाहीला मानवणारं नाही, असा सल्ला घेऊन परतले. मग जपानच्या राज्यघटनेतली शब्दरचना उचलून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. 'स्वातंत्र्य' शब्दाआधी 'व्यक्तिगत' हे विशेषण लागलं, तेही आवाका कमी करण्यासाठीच. कन्हैयालाल मुन्शींना हा बदल पसंत नव्हता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर बदलाच्या बाजूने होते. डॉ. आंबेडकरांनी १३ डिसेंबर १९४८ रोजी दोन्ही बाजू सभेपुढे ठेवल्या, दोन्हीकडचे धोके सांगितले आणि निर्णय सभेवर सोडला. एवढ्या मोठ्या विषयावर त्यांनी स्वतःचं मत राखून ठेवावं, हे मला नेहमीच सूचक वाटत आलं आहे.

नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, ते नवं कलम घेऊन पुन्हा उभे राहिले. आजचं कलम २२ ते हेच. अटकेची कारणं सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. हे मांडताना त्यांनी शब्द वापरला 'भरपाई'. आधीच्या कलमात जे गेलं, त्याची भरपाई. फक्त ही भरपाई ज्या पाकिटातून आली त्याच पाकिटात प्रतिबंधक स्थानबद्धताही होती. गुन्हा झालेला नाही, खटला चालायचा नाही, पण पुढे काही करेल या अंदाजावर माणसाला आत ठेवायचं, आणि ही सोय चक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. शांततेच्या काळासाठी अशी तरतूद हक्कांच्याच यादीत लिहून ठेवणारे देश शोधावे लागतात.

पहिली कसोटी लगेच लागली. ए. के. गोपालन हे केरळचे कम्युनिस्ट नेते डिसेंबर १९४७ पासून या ना त्या आदेशाखाली तुरुंगात होते. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं की संसदेने कायदा केला आहे, कायद्यात पद्धत लिहिली आहे, ती पाळली गेली, संपलं. पद्धत चांगली की वाईट हे आम्ही बघणार नाही. न्या. सुधीरंजन दास यांनी तर इंग्लंडच्या इतिहासातला रोचेस्टरच्या बिशपचा आचारी उदाहरणाला काढला. आठव्या हेन्रीच्या काळात खास कायदा करून त्याला उकळून मारलं होतं. आपल्या संसदेने उद्या तसा कायदा केला, तर तोही न्यायालयाला मानावाच लागेल, असा त्यांचा तर्क. तर्कात खोट नव्हती, म्हणून तर अंगावर काटा येतो. सहा न्यायमूर्तींपैकी एकटे फजल अली वेगळं बोलले.

गोपालनची ही वाट सरळ जाऊन पोहोचली ती २८ एप्रिल १९७६ला. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करता येणाऱ्या कायद्याखाली, धरलेल्या माणसाला 'मला बेकायदा डांबलं आहे' असं म्हणत न्यायालयाचं दार ठोठावता येतं का, हा प्रश्न होता. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी 'येतं' असं म्हटलं होतं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, कलम २१ मध्ये जीवितही आहे, तुमचा युक्तिवाद तिथेही लागू होतो का? उत्तर आलं, कोणाचा जीव बेकायदा घेतला तरी न्यायालयं काही करू शकत नाहीत. आणि चार विरुद्ध एक मतांनी हेच कायदा ठरलं. न्या. बेग यांनी स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे, असं लिहिलं. न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलं की कैद्यांना फटके मारणं, उपाशी ठेवणं, गोळ्या घालणं हे स्वतंत्र भारतात होणार नाही अशी मला हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखीच कणखर आशा आहे. ही आशा शब्दांत उतरली तेव्हा केरळात कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून उचलून कक्कयमच्या पोलीस छावणीत नेलेल्या राजन नावाच्या विद्यार्थ्याला मरून दोन महिनेही झाले नव्हते. हे बाहेर आलं पुढच्या वर्षी, आणीबाणी उठल्यावर, त्याच्या वडिलांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला तेव्हा.

यानंतरची गोष्ट सहसा आनंदाने सांगितली जाते. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्याचा निकाल आला. पद्धत नुसती लिहिलेली असून चालणार नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, असं ठरलं. ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ निलंबित करता येणार नाहीत, अशी सोय झाली. २०१७ साली खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींनी १९७६चा तो निकाल रद्दबातल ठरवला, आणि तसं लिहिणारे होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मुलाने वडिलांची चूक दुरुस्त केली, ही बातमी आपल्याकडे फार आवडीने वाचली गेली.

मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. मनेका गांधींचा पासपोर्ट जप्तीचा आदेश त्या निकालाने रद्द झाला नाही. सरकारने त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचं आश्वासन दिलं आणि प्रकरण निकाली निघालं. २०१७ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि पुढच्याच वर्षी आधार योजना बहुतांशी टिकली. तत्त्व अर्जदाराच्या बाजूने, आदेश सरकारच्या बाजूने, हा जणू ठरलेला रिवाज. आणि या रिवाजाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. ऐन पावसाळ्यात. न्यायालयात गेलेल्यांत एक जण सेलमकडचा शेतमजूर होता, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ला मुंबईला आलेला. दहिसरला एका कारखान्यात रोज तेवीस रुपयांवर काम करायचा. पश्चिम द्रुतगती मार्गालगत प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. २३ जुलैला पालिकेने तो आडोसा पाडला आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली गावी राहिल्या, हा कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच टेकला. दुसरा अर्जदार संगमनेरचा. गावात तो चपला शिवायचा, तिथलं घर पडल्यावर त्याने मुंबई गाठली आणि इथे बदली कामगार म्हणून लागला.

ऑल्गा टेलिस हे या खटल्याचं नाव. १९८५च्या निकालाने कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात जागा मिळवली, कारण त्यात पाच न्यायमूर्तींनी ठरवलं की उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडच होते. पण पुस्तकात जे ठळक छापतात त्याच्यापुढची पानं वाचावीत. मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम ३१४ वैध ठरलं. आयुक्तांनी या लोकांना नोटीस द्यायला हवी होती, ऐकून घ्यायला हवं होतं, हे मान्य झालं. पण ते आता आमच्यापुढे भरपूर ऐकून झालं आहे, तेव्हा पुन्हा आयुक्तांकडे पाठवायची गरज नाही, असंही ठरलं. पर्यायी जागा १९७६च्या गणतीचं ओळखपत्र असलेल्यांना, तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पाऊस सरून महिना होईतो, कोणाला हलवू नये. उपजीविकेच्या मूलभूत हक्काचं रोख मोल झालं पावसाळ्यापुरती मुदत. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. भर पावसात आडोसा टिकणं ही लहान गोष्ट नाही. पण जीविताची व्याख्या रुंद झाल्याने त्या सेलमच्या मजुराला काय मिळालं, असं विचारलं तर उत्तर तारखेत द्यावं लागतं.

याच १९८१ साली महाराष्ट्राने आणखी एक कायदा केला. पूर्ण नाव म्हणायला दम लागतो: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालणारा अधिनियम. पुढे त्यात व्हिडिओ पायरेट्स आले, वाळूतस्कर आले, काळाबाजारवाले आले. पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रात त्याला एमपीडीए म्हणतात. जिल्ह्याच्या पानावर रोज कुठे ना कुठे 'सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध' अशी चौकट असते आणि आपण पान उलटतो. ज्या संविधानात स्वातंत्र्य हिरावून घेण्यासाठी न्याय्य, रास्त आणि वाजवी पद्धत लागते, त्याच संविधानाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आपल्या समाधानावर माणसाला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवू शकतात. वकील उभा करण्याचा हक्क तिथे नाही. पुराव्यात बहुतेकदा दोन गोपनीय साक्षीदार असतात, साक्षीदार अ आणि साक्षीदार ब. चार-पाच निकाल ओळीने वाचले की या दोघांशी आपली ओळख होते. ते नेहमी रस्त्याने एकटेच चाललेले असतात, आरोपी त्यांना अडवतो, खिशातले पैसे काढून घेतो, लोक घाबरून दुकानं बंद करतात आणि भीतीपोटी कोणी तक्रार देत नाही. जिल्हा कोणताही असो, भाषा तीच.

यावर न्यायालयं गप्प बसतात असं मुळीच नाही. उलट मुंबई उच्च न्यायालय आणि त्याची खंडपीठं असे आदेश वारंवार रद्द करतात. साधी दंडेली म्हणजे 'कायदा आणि सुव्यवस्थे'चा प्रश्न, त्याला 'सार्वजनिक सुव्यवस्था' म्हणता येत नाही, हे डॉ. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या निकालापासून पक्कं आहे. आदेश काढायला उशीर झाला, स्थानबद्धाने सरकारकडे केलेल्या निवेदनाचा निर्णय लांबवला, कागदपत्रांची मराठी प्रत दिली नाही किंवा इंग्रजी आणि मराठी मजकुरात तफावत निघाली, अशा कारणांवरही आदेश पडतात. हे शेवटचं कारण ऐकून लोक हसतात. भाषांतर चुकलं म्हणून गुंड सुटला! हसणाऱ्यांनी नागपूरचं एक प्रकरण बघावं. १९६१ साली एका माणसाला स्थानबद्धतेचा आदेश इंग्रजीत दिला. कारणं चौदा टंकलिखित पानांची, तेरा वर्षांतल्या हालचालींचा पाढा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदी प्रत मागितली. उत्तर मिळालं की आदेश बजावताना तोंडी समजावून सांगितला आहे, शिवाय इंग्रजी ही राजभाषा आहे. १९६२ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. चौदा पानं एकदा कानावर घालून माणूस त्यांना उत्तर कसं देणार? आणि २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघात प्रकरणात त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्या, रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी. साठ वर्षांहून अधिक काळ तोच धडा, त्याच वर्गात.

अडचण आहे ती वेळेची. स्थानबद्धता बारा महिन्यांची. अर्ज उच्च न्यायालयात जाईपर्यंत, सरकारी वकील उत्तर दाखल करेपर्यंत, बोर्डावर येईपर्यंत सहा-आठ महिने उलटले, तर निकालपत्रात अर्जदार जिंकतो आणि शिक्षा जवळपास भोगून झालेली असते. रद्द झालेल्या आदेशाबद्दल त्याला सहसा रुपयाही मिळत नाही, आणि ज्याने आदेश काढला त्याच्या सेवापुस्तिकेत शाईचा ठिपकाही पडत नाही. मग पुढचा आदेश काढताना त्याने दहादा विचार का करावा? पद्धत पाळली गेली नाही हे सिद्ध होऊनही न पाळण्याची किंमत शून्य असेल, तर ती पद्धत कसली.

४४व्या दुरुस्तीचा गौरव करणाऱ्यांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. त्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला लगाम घातला होता. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे बघणाऱ्या सल्लागार मंडळाशिवाय तीनऐवजी दोनच महिने ठेवता येणार होतं. मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायमूर्ती, सदस्य विद्यमान किंवा निवृत्त न्यायमूर्ती, नेमणूक मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने. संसदेने हे १९७८ साली मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली. अंमलात आणायची अधिसूचना काढायचं काम केंद्र सरकारकडे होतं. ती आजपर्यंत निघालेली नाही. १९८१ला सर्वोच्च न्यायालयापुढे विषय गेला तेव्हा सरकारला तसा आदेश देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यानंतर दिल्लीत जवळपास प्रत्येक रंगाची सरकारं येऊन गेली. आणीबाणीत स्वतः आत गेलेले कितीतरी नेते मंत्री झाले, काही पंतप्रधानही झाले. दरवर्षी जूनमध्ये आणीबाणीवर भाषणं होतात. ती अधिसूचना एका पानात मावेल.

आता नेहमीच्या खटल्यातल्या कैद्यांकडे येऊ, कारण स्थानबद्ध हे तुलनेने मूठभरच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. शंभरांत पंचाहत्तरहून जास्त. जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद, हे न्या. कृष्ण अय्यर यांचं १९७७चं वाक्य वकिलाला झोपेतही म्हणता येतं. आकडा मात्र त्या वाक्याला जुमानत नाही.

जुमानत नाही याचं एक कारण म्हणजे खास कायदे. मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदा कारवाया), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करणं) यांत आरोपीने आधी आपण प्रथमदर्शनी निर्दोष वाटतो हे दाखवायचं आणि मगच जामिनाची आशा धरायची. इथे खटला संपण्याआधीच पद्धत हीच शिक्षा होते. एल्गार परिषद प्रकरणातले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांचा कंपवातामुळे हात थरथरायचा, पेला धरवत नव्हता. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेला उत्तर द्यायला वीस दिवस मिळाले. वीस दिवसांनी यंत्रणेने सांगितलं, आम्ही त्यांच्याकडून तसलं काही जप्तच केलेलं नाही. त्यांच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, हे आता कधीच ठरणार नाही. ५ जुलै २०२१ला, उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाचा विषय निघायच्या दिवशीच, ते गेले. एका सिपरसाठी वीस दिवसांची तारीख पडते तेव्हा कुठलाच कायदा मोडलेला नसतो. सगळं पद्धतशीर असतं.

दुसरं कारण जास्त साधं आणि जास्त लोकांना लागू. जामीन मंजूर होतो, माणूस सुटत नाही. जामीनदार लागतो, जामीनदाराचा सातबारा लागतो, तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो, रेशनकार्ड, फोटो, तलाठ्याची सही. १९७८ला मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन, आणि त्याच्या भावाची हमी दंडाधिकाऱ्याने नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. कृष्ण अय्यरांनी तेव्हा चांगलंच सुनावलं. आज ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या मजुराला कोल्हापुरात जामीनदार शोधायचा झाला तर त्याने काय करावं? कोर्टाच्या आवारात धंदेवाईक जामीनदार मिळतात, हे आवारातल्या चहावाल्यालाही माहीत असतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ला सूचना दिल्या आहेत की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. सूचना उत्तम आहेत. फक्त इथेही महिना गृहीत धरला आहे. जामीन झालेल्या माणसाचा तुरुंगातला एक महिना कोणत्या कार्यपद्धतीखाली जातो?

"मग काय गुंडांना मोकाट सोडायचं?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो खोटा नाही. ज्याच्या गल्लीत खंडणीखोर राहतो त्याचंही जीवित कलम २१ मध्येच येतं. दुकानाच्या काचा फुटलेल्या माणसाला बिशपच्या आचाऱ्याची गोष्ट सांगून उपयोग नाही. साक्षीदार खरोखर घाबरतात, खटले खरोखर रखडतात, आणि एमपीडीए रद्द केला की शहरं एका रात्रीत सुरक्षित होतील असं मीही म्हणणार नाही. पण एवढं बघा, वर्षभराने तोच माणूस परत येतो, दोषी ठरलेला नसतो, आणि गल्लीत त्याचा भाव वाढलेला असतो. स्थानबद्धता हा रखडलेल्या खटल्यावरचा इलाज म्हणून वापरला जातो आणि म्हणून खटला रखडलेलाच राहतो. साक्षीदाराला खरं संरक्षण आणि सरकारी अभियोक्त्यांची पुरेशी पदं दिली तर साक्षीदार अ आणि ब यांना नावानिशी उभं राहता येईल. ते महाग आहे, वेळखाऊ आहे. आदेश टाइप करणं स्वस्त आहे.

म्हणून जीविताच्या हक्कात आणखी एखादा नवा हक्क बसवण्यासाठी मी आता याचिका करणार नाही. हवामान बदलापासून संरक्षणाचा हक्कही त्यात येऊन बसला आहे आणि तो बसायला हवाच होता. मला हवं आहे ते घड्याळ. स्थानबद्धतेविरुद्धचा अर्ज ठरावीक आठवड्यांत निकाली निघाला नाही तर आदेश आपोआप गळून पडावा. आदेश रद्द झाला तर आत काढलेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई त्याच निकालात लिहिलेली असावी, वेगळा दावा लावायला लागू नये. ४४व्या दुरुस्तीचं ते कलम अंमलात यावं. जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या हमीवर, सोडणं हा नियम व्हावा आणि मालमत्तेचा जामीनदार का लागतो याचं कारण न्यायाधीशाने लिहावं. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिने पहिल्यांदा गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला एकतृतीयांश शिक्षेइतका काळ गेल्यावर सोडायची सोय केली, हे चांगलं झालं. पण त्याच संहितेने पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागण्याची वाट मोकळी केली. सवलतीची बातमी झाली, तुकड्यांची फारशी झाली नाही.

मुंबईत आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी एक जामीनपेटी आहे. न्यायालयाचा सुटकेचा कागद त्या पेटीत पडावा लागतो. ऑक्टोबर २०२१मध्ये एका बड्या सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत कागद पेटीपर्यंत पोहोचला नाही. देशातले नामांकित वकील दिमतीला होते, वाहिन्यांच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या, तरी त्याची ती रात्र आतच गेली, कारण पेटी आता पहाटेच उघडणार होती. त्या एका रात्रीमुळे आपल्याला अशी पेटी असते हे कळलं. त्या रात्री आत आणखी किती जणांचे कागद वाटेत होते, ते कोणी विचारलं नाही.